मशीन कसं चालतंय, तेवढंच

४ मार्च

दादा,

मशीन पोचलं. खोका कुठे दबलेला नाही, वायर आहे, पावती नाही. पावती नसणार हे मला ठाऊकच होतं.

तुझा निरोप पुन्हा एकदा वाचून मगच लिहायला बसले. ‘एक लॅपटॉप जास्तीचा पडलाय, पाठवतोय. भारीतला आहे. वापरून कसा चालतो ते सविस्तर लिही. फक्त मशीनबद्दल. घरचं काही लिहिलंस तर पुढचं वाचणार नाही.’ मी तुला कळवलं होतं की बाबांच्या घशात गाठ निघाली आहे, सव्वीस तारखेला डॉक्टर त्यांचं स्वरयंत्र काढणार आहेत आणि त्यानंतर ते बोलू शकणार नाहीत. त्यावर सख्ख्या भावाचं सहा वर्षांनी आलेलं हे उत्तर. धन्य आहे तुझी!

पण अट मान्य. मला टकळी म्हणायचास ना, आता बघ कशी मोजूनमापून लिहिते.

तर मशीन. झाकण एका बोटाने उघडतं, आणि पुरतं उघडायच्या आत पडदा जागा झालेला असतो, जसा काही आतून दाराला कान लावूनच बसला होता. वजन बेताचं, अंग गार. चार्जर मात्र विटेएवढा. फोटो स्टुडिओतला माझा जुना कॉम्प्युटर सुरू करून मी केर काढून घ्यायचे, तोवर तो डोळे चोळत असायचा. इथे केरसुणी हातात घेईपर्यंत मशीन तयार आणि मीच तयार नाही, असं होतं.

एक शंका आहे. जास्तीच्या मशीनच्या बटणांवर मराठी अक्षरं चिकटवलेली असतात का? एकेक अक्षर सरळ रेषेत, कडा नखाने दाबून बसवलेल्या. आणि पडद्यावरचं लिखाण एवढं ठळक का, की खुर्चीत मागे रेलून चष्म्याशिवाय वाचता यावं? मला तर चष्मा नाही. मधोमध एकच चौकोन आहे, त्यावर ‘आवाज’ असं लिहिलंय. दाबला तर सूचना येते: वाक्यं वाचा, मी तुमचा आवाज शिकतो. नंतर तुम्ही जे टाइप कराल ते तुमच्याच आवाजात बोलून दाखवीन.

हे सगळं मशीनबद्दलच आहे, तेव्हा पुढे वाचायला हरकत नसावी.

टकळी

७ मार्च

दादा,

परवा मशीनवर खरं ओझं टाकून बघितलं. एका शाळेच्या वर्गाचा जुना फोटो दुरुस्तीला आलाय, ओल लागून अर्धी मुलं पुसली गेली आहेत, आणि त्यांना तो भिंतीएवढा मोठा करून हवाय. जुन्या कॉम्प्युटरवर एक डाग काढला की मी उठून खिडकीशी जायचे, परत यायचे, तरी चक्र फिरतच असायचं. ह्याच्यावर डाग पुसायला हात उचलला की डाग गेलेला. दुपारपर्यंत सगळ्या मुलांना चेहरे मिळाले. मास्तरांच्या मिशीचा केस न् केस दिसायला लागला. स्टुडिओचे मालक म्हणाले, ‘बाई, आठवड्याचं काम केलंत, आता जा घरी.’ घरी जायचं तर होतं, पण नकोही होतं. पूर्वी मशीन थांबायचं तेव्हा मलाही थांबता यायचं. आता मधली सवडच गेली. बोटं रिकामी झाली की मी खोलीतून खोलीत फिरत बसते. 

आता तुझे प्रश्न. ‘बॅटरी किती चालते? पंखा वाजतो का? माइक किती लांबून आवाज पकडतो? मधे खोकला आला तर वाक्य तुटतं का? सकाळच्या आणि संध्याकाळच्या आवाजात किती फरक पडतो?’

ताकाला जाऊन भांडं का लपवतोस रे? मशीनला खोकला येत नाही.

तरी उत्तरं देते. बॅटरी सकाळी कामाला बसल्यापासून दिवेलागणीपर्यंत पुरते. पंखा अजून ऐकलेला नाही. माइक पलंगापासून खुर्चीपर्यंतचं सगळं पकडतो. आवाज सकाळी बरा असतो, दुपारनंतर खरखर वाढत जाते आणि संध्याकाळी नुसती हवा निघते. खोकला आला की वाक्य तुटतं. पण मशीन चिडत नाही, खोकला संपेपर्यंत वाट बघतं. हा गुण आपल्या घरात दुसऱ्या कुणाकडे नाही.

वाक्यं मात्र एकही भरलेलं नाही. दवाखान्यात बोलणं शिकवणाऱ्या बाई आहेत, त्यांनी वाचायला एक गठ्ठा दिला होता. ‘निळा पतंग झाडात अडकला.’ ‘आज हवा छान आहे, आपण फिरायला जाऊ या.’ बाबांनी चष्मा चढवला, वाचलं, चष्मा काढला.

‘असं कोण बोलतं?’

‘कुणी बोलत नाही, बाबा. आवाजासाठी आहेत ती.’

‘मग जो बोलत नाही त्याच्याकडूनच वाचून घे.’

आणि खुर्ची भिंतीकडे वळवून बसले. मशीनचं तोंड त्यांच्या पाठीकडे. दोघांच्या मधे मी, ह्याची मनधरणी, त्याची मनधरणी. सव्वीस तारीख काही थांबणार नाही. 

टकळी

११ मार्च

दादा,

आनंदाची बातमी. नोंदणी सुरू झाली. मशीन तीन दिवस सकाळभर ऐकतंय.

कसं जमलं ते सांगते. बाबांनी कपाटातून एसटी स्टँडवर गाड्या पुकारायचे तेव्हाचं जुनं वेळापत्रक काढलं आणि म्हणाले, ‘वाचायचंच आहे तर हे वाचतो. ह्यात खोटं काही नाही.’ मी म्हटलं, वाचा बाबा, काहीही वाचा. मग ते ताठ बसले, शर्टाचं वरचं बटण लावलं, आणि सुरू झाले. ‘प्रवाशांनी लक्ष द्यावे. बंदराकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर लागलेली आहे.’ शेजारच्या काकू गॅलरीत आल्या. ‘अगं बाई, किती वर्षांनी ऐकला हा आवाज! मी तर पिशवी भरायला धावणार होते!’

आवाज घोगरा झालाय, पण घडण तीच. शब्द एकमेकांना धक्का न लावता, रांगेत. आणि प्रत्येक सूचना दोनदा. मी म्हटलं, मशीनला एकदा पुरे आहे. तर म्हणाले, ‘दोनदाच सांगायचं. पहिल्यांदा ऐकत नाहीत म्हणून दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा सांगायचं नाही. तिसऱ्यांदा सांगितलं की माणसं दुसऱ्यांदाही ऐकेनाशी होतात.’ हे तू आणि मी जेवायला दोनदा हाक आली की उठायचो, तेव्हापासून आपल्याला पाठ आहे. तिसरी हाक कधी आलीच नाही. ताट झाकलेलं असायचं.

मशीनबद्दल लिहायचं तर, माइक इतका बारीक ऐकतो की दोन सूचनांच्या मधला त्यांचा श्वासही नोंदला जातो. मशीन तो मला परत ऐकवतं तेव्हा मला तू गेलास तो दिवस आठवतो. हे घरचं नाही, हे माइकच्या गुणवत्तेबद्दल आहे. स्टँडवरची दुरुस्तीची नोकरी त्यांनी तुझ्यासाठी बोलून ठेवली होती, तू लांबचं काम पत्करलंस, घरात चार दिवस कुणी कुणाशी बोललं नाही, आणि तुझी गाडी सुटायच्या वेळी नेमकी त्यांची पाळी. वरच्या केबिनच्या काचेतून आपण दोघं त्यांना समोर दिसत होतो. त्यांनी तुझी गाडी पुकारली. दोनदा. खाली आले नाहीत. तू खिडकीतून मला म्हणालास, ‘बघितलंस? मलाही सामानासारखं पुकारलं.’ त्या दोन पुकाऱ्यांच्या मधे असाच श्वास होता का, ते आता कसं कळणार. स्टँडचे कर्णे फुटके होते.

टकळी

१४ मार्च

दादा,

हसू की रडू कळत नाही.

काल मशीनला सांगितलं, झालं तेवढं ऐकून शीक. पंखा पहिल्यांदाच वाजला, मागच्या फटीतून गरम वारा यायला लागला. बाबा मांजरासारखे उठून मशीनच्या मागे बसले, घशावर तो वारा घेत. कितीतरी वेळ लागेल म्हणून मी भाजी चिरायला घेतली, तर अर्धी चिरून व्हायच्या आत मशीन शिकून मोकळं. हुशार आहे, ह्यात वादच नाही.

मग बाबांनी एका बोटाने टाइप केलं: आज भाजीत मीठ कमी आहे.

मशीनने ते पुकारलं. खरंच सांगते, पुकारलं! बाबांचाच आवाज, हुबेहूब, पण भाजी जशी फलाट क्रमांक दोनवर लागलेली आहे. मी हसत सुटले. बाबा हसले नाहीत. त्यांनी टाइप केलं: तू दमलीस, जरा पड. तेही तसंच. मी दमले असून प्रवाशांनी त्याची नोंद घ्यावी, अशा थाटात. तेव्हा माझंही हसू गेलं.

मशीनचा दोष नाही. त्याला जे ऐकवलं तेच ते शिकलं. असली चूक आपल्याच घरात होऊ शकते. पण दादा, उरलेलं आयुष्य मला फलाटावर उभं राहून काढायचं नाहीये. ह्यावर काय करायचं ते लवकर कळव. ते आता रोज सकाळी उठून आधी ‘हं’ करून बघतात, आवाज आहे की गेला.

टकळी

१६ मार्च

दादा,

तुझं उत्तर: ‘नमुना चुकलाय. घरातला आवाज पाहिजे. वाचून घेऊ नकोस. त्यांना कुणाशी तरी बोलतं कर आणि ते नोंदव. बोलणं लांब हवं.’

उंटावरचा शहाणा! कुणाशी बोलतं करू? माझ्याशी ते सूचनाच देतात. ‘दार लोटून घे.’ ‘दूध उतू जाईल.’ आई होती तेव्हा तिच्याशी दोन शब्द बोलायचे, ती गेली आणि ते दोन शब्दही घेऊन गेली. शेजारच्या काकूंना बोलावून बसवलं, तर बाबा त्यांना गाड्यांच्या वेळा सांगत बसले. त्यांचे मित्र आले, ते आजाराबद्दल विचारतात आणि बाबा मूग गिळून बसतात.

घरातला आवाज मला आठवतो. तुलाही आठवत असणार, म्हणून तर तो शब्द वापरलास. स्टँडवरचा बिघडलेला ॲम्प्लिफायर घरी आणून तुम्ही दोघं स्वयंपाकघरात जमिनीवर उघडून बसायचात तेव्हाचा. ‘हळू रे. ही तार बघ, हिची काही चूक नाही, हिला उगाच ओढलंय कुणीतरी.’ असं काहीतरी पुटपुटत राहायचे, तासन् तास, हलक्या आवाजात, जशी काही त्या डब्याची समजूत काढतायत. मी दाराशी अभ्यास करायचे आणि माझं सगळं लक्ष तिकडे. मला हेवा वाटायचा तुझा. माझ्यासाठी तो आवाज त्यांनी कधी काढला नाही. तो यायचा फक्त यंत्र समोर असताना, आणि तू.

तर यंत्र समोर आहे. चांगलं भारीतलं आहे.

फोन कर. मी म्हणत नाही, मशीनला हवाय. तू फोनवर त्याच्याबद्दल विचार, पंखा कुठे, बिजागरी कशी, काय वाटेल ते विचार, ते बोलायला लागतील. मी बाजूला नोंदणी लावून ठेवते. तुला बाप नको असेल तर नको असू दे, पण नमुना बरोबर यावा असं तुला वाटतंच आहे ना?

टकळी

२० मार्च

दादा,

चार दिवस झाले. फोन नाही, निरोप नाही. मशीन बरं चाललंय, विचारलं नाहीस तरी सांगते.

माझं बरं चाललेलं नाही. स्टुडिओत एका बाईंच्या फोटोला मी तीन कान काढले. घरी फोन जवळ घेऊन फिरते, दुसऱ्याच कुणाचा आला की त्याच्यावर डाफरते. बाबांना काही बोलले नाही, पण त्यांना कळतं. काल दुपारी म्हणाले, ‘त्याच्या फोनची वाट बघतेस?’

मी म्हटलं, ‘तुम्ही करा ना.’

‘केलाय मी. तो गेला त्या महिन्यात. दोनदा.’

तू तेव्हा उचलला नाहीस हे मला माहीत होतं, आणि त्यांचा नियम तुला माहीत आहे. दोघंही आपापल्या जागी पक्के, आणि मधल्या मधे मी पोळतेय. मला तुमचा दोघांचाही राग आला आहे, आणि तो मशीनबद्दलचा नाही.

टकळी

२३ मार्च

दादा,

आज सकाळी तुझा फोन वाजला. तू उचलला नाहीस. खूप वेळ वाजू दिलास, कापलाही नाहीस. कामात असतास तर कापला असतास. तेव्हा तू हातात धरून बघत बसला होतास, हे मी इथे बसून सांगते.

इकडे काय झालं ते ऐक. बाबा चहा घेऊन मशीनसमोर बसले होते. झाकण एका बोटाने उघडायचे, मिटायचे, उघडायचे. आठ दिवस त्यांचा हाच उद्योग चाललाय. एकदम म्हणाले, ‘फोन दे.’ नंबर त्यांनी स्वतः दाबला. पाठ होता. मी नुसता नोंदणीचा चौकोन दाबला. घंटा वाजत राहिली. मग फोनमधली ती बाई म्हणाली, आपला निरोप ठेवा. मला वाटलं, आता ठेवून देतील. पण माझ्या लक्षातच आलं नव्हतं, की ह्या माणसाने जन्मभर उत्तर न देणाऱ्या माणसांशीच बोलून पगार घेतलाय.

‘अरे,’ ते म्हणाले, ‘तुझं मशीन बघितलं. बिजागरी चांगली आहे. एका बोटाने उघडतं आणि खालचा भाग उचलला जात नाही. ह्याला बिजागरी म्हणतात. पंखा कुठेय ते शोधत होतो, तर मागे फट ठेवलीय, वारा तिथून काढलाय. हुशारी आहे. आपल्या त्या ॲम्प्लिफायरला पंखाच नव्हता. तू पुठ्ठ्याने वारा घालायचास, आठवतं? हात दुखला तरी सांगायचा नाहीस...’

दादा, तोच आवाज. मी दाराशीच उभी होते.

तुझ्या फोनवर पोचलंय ते अर्धंच आहे. निरोपाची वेळ संपली, तिकडून तुटलं, पण त्यांना ते कळलं नाही किंवा कळून त्यांनी तसंच चालू ठेवलं. फोन कानाला लावून किती वेळ बोलत होते! चिकटवलेल्या अक्षरांबद्दल बोलले, ‘कडा दाबून बसवल्यास, नखं दुखली असतील.’ कर्ण्यांच्या तारांबद्दल बोलले. मधेच एकदा ‘तो लहान पाना दे रे’ म्हणून हात पुढे केला, रिकाम्या हाताकडे बघितलं आणि स्वतःशीच हसले. घशाबद्दल एक अक्षर नाही. शेवटी खोकल्याने थांबवलं. मशीन खोकला संपेपर्यंत थांबलं होतं, पण पुढे काही आलं नाही.

फोन माझ्या हातात देताना म्हणाले, ‘तिसऱ्यांदा केला. सांगू नकोस कुणाला.’

बाकीचं अर्धं मशीनमध्ये आहे. हवं असेल तर मागून घे.

टकळी

२५ मार्च

दादा,

उद्या सकाळी. आज आवाज दिवसभर बरा राहिला, का कोण जाणे. त्यांनी काही बोलून घेतलं नाही. दुपारी फक्त मला दोनदा नावाने हाक मारली. काय हवं म्हणून धावत गेले, तर म्हणाले, ‘काही नाही.’

मशीन नव्या नमुन्यावरून शिकलंय. मी अजून ऐकलेलं नाही. धीर होत नाही.

टकळी

९ एप्रिल

दादा,

बाबा घरी आले हे तुला कळलंच आहे, नाहीतर काल फोन आला नसता. जखम बरी आहे, गळ्याशी श्वासाला भोक आहे, त्यावर जाळीचा रुमाल असतो. अन्न अजून नळीनेच. बघ, घरचंच लिहितेय. वाचायचं असेल तर वाच.

फोननंतर तुझा निरोप आला: ‘मशीन तपासून घे. उत्तर यायला फार वेळ लागतो. मी तीनदा ऐकू येतंय का विचारलं. एवढ्या भारी मशीनने एवढं मंद चालायला नको. काहीतरी बिघाड आहे.’

बिघाड नाही. तुला तिकडून काही दिसत नव्हतं, मी त्यांच्या खुर्चीमागे उभी होते, म्हणून सांगते. बटण दाबलं की मशीन त्याच क्षणी बोलतं. मी आज पुन्हा लावून बघितलं. परवा घरी आल्यावर त्यांनी पहिल्यांदा माझ्यासाठी टाइप केलं, ‘तू दमलीस, जरा पड,’ तर बटणावरून बोट उचलायच्या आत आवाज हजर. आणि पुकारल्यासारखा नाही, दादा. पुठ्ठ्याने वारा घालणाऱ्या पोराशी बोलावं तसा. मी खरंच जाऊन पडले आणि उशीत तोंड घालून पोटभर रडले.

काल तू म्हणालास, ‘बाबा, कसं वाटतंय?’ आणि वाट बघत राहिलास. तेव्हा बाबा लिहीत होते. एका बोटाने, तुझ्या अक्षरांवरून. पूर्ण वाक्य लिहिलं. बोट बोलायच्या बटणावर नेलं, तिथेच धरलं, आणि मग शेवटून एकेक अक्षर खोडत सगळं पुसलं. तू विचारलंस, ऐकू येतंय का. त्यांनी मान हलवली, जशी काही तुला दिसणार होती. पुन्हा तेच वाक्य लिहिलं, अक्षर न् अक्षर तेच. तू पुन्हा विचारलंस. त्यांनी पुन्हा सगळं खोडलं. तू तिसऱ्यांदा विचारलंस, तेव्हा लिहिलं, ‘मशीन चांगलं आहे,’ आणि बटण दाबलं. तुझ्यापर्यंत पोचलं ते एवढंच. तू म्हणालास, ‘बरं झालं,’ आणि दोघांनीही फोन ठेवला.

दोनदाच पुकारायची आपल्याकडे पद्धत आहे, तुला माहीत आहे. काल त्यांनी दोन्ही वेळा पुकारलं, फक्त आवाज बाहेर गेला नाही. मी पडद्यावर दोन्ही वेळा वाचलं. ते असं होतं:

‘कुठल्या गाडीने येतोस ते कळव. ह्या वेळी मी खाली फलाटावर उभा राहतो.’

टकळी